जुनी इटालियन गाडी : रंग पाहून घ्यावी की पुस्तक पाहून?

गेल्या महिन्यात आमच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने इंग्रजी मासिकाचे एक पान आणून दुकानाच्या गादीवर पसरले. पानभर एका लाल गाडीचे चित्र होते. खाली मजकूर असा की, इटलीत बनलेली ही दुर्मिळ ग्रॅन तुरिझ्मो जातीची गाडी संपूर्ण दुरुस्त करून, मूळ रूपात आणून विक्रीस ठेवली आहे. किंमत छापलेली नव्हती. इच्छुकांनी चौकशी करावी, एवढेच होते. गिऱ्हाइकाने विचारले, "शेट, साठ वर्षांच्या भंगाराला लोक कोट्यवधी रुपये देतात ते कशासाठी?"

प्रश्न थट्टेचा होता, पण आम्हाला हसू आले नाही. आमच्या घरामागच्या शेडमध्ये इटालियन वंशाचीच एक जुनी गाडी उभी आहे आणि ती आम्ही सध्या विकायला काढली आहे. तिच्या पायी आमचे पैसे गेले, पण जे शिकायला मिळाले ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडावे असे वाटले. सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात जुन्या गाड्या सजवून विकण्याचा धंदा आता हौसेपुरता राहिलेला नाही. शिवाय या गाड्यांचे डेंटिंग, पेंटिंग, कुशन, वायरिंग आणि इंजिनकाम करणारे कितीतरी हात आपल्याच मोहल्ल्यांतले आहेत.

ग्रॅन तुरिझ्मो म्हणजे काय?

या इटालियन शब्दांचा सरळ अर्थ मोठा प्रवास. शर्यतीच्या गाडीइतकी चपळ, पण दोन माणसांना सामानासह शेकडो मैल आरामात नेणारी बंद टपाची गाडी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला. १९५१ साली निघालेली लॅन्सिया ऑरेलिया बी-२० ही या जातीची नमुनेदार गाडी मानतात. पुढे फेरारी, मासेराती, आल्फा रोमिओ यांनी या प्रकारात मोठे नाव मिळवले. पत्रा ठोकून अंगाला बेतणारे कारागीर तूरिन, मोदेना आणि मिलान या शहरांत होते. एकाच नमुन्याच्या दोन गाड्या पुष्कळदा हुबेहूब सारख्या नसत, कारण त्या साच्यापेक्षा हातोडीवर जास्त बनत.

आता किमतीकडे पाहू. फेरारी २५० जीटीओ ही गाडी १९६२ ते १९६४ या काळात फक्त ३६ बनली. त्यांपैकी एक २०१८ साली अमेरिकेतील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. १९६२ सालची दुसरी एक नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे ५ कोटी १७ लाख डॉलरला विकली गेली. आपल्या चलनात ही रक्कम त्या वेळी सुमारे ४३० कोटी रुपये होत होती. एवढे पैसे पत्र्याचे किंवा वेगाचे नसतात. आजची साधी गाडीसुद्धा जास्त थंड हवा देते आणि कमी बिघडते. पैसे आहेत ते वंशावळीचे. छत्तीसपैकी प्रत्येक गाडीचा चॅसिस क्रमांक, ती कोणी घेतली, कोणत्या शर्यतीत धावली, कुठे ठोकली, इंजिन कधी उतरवले, हे सारे कागदावर आहे. फेरारी कंपनीत 'क्लासिके' नावाचा एक विभागच आहे. तो जुन्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि चॅसिस मूळचे आहे की नाही हे तपासून प्रमाणपत्र देतो.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. फ्रान्सच्या पश्चिम भागात रोजे बायों या ट्रकवाहतुकीच्या व्यावसायिकाने जुन्या गाड्यांचा संग्रह करून संग्रहालय काढायचे ठरवले होते. १९७० च्या दशकात धंदा बुडाला, काही गाड्या विकल्या गेल्या आणि उरलेल्या साठेक गाड्या शेतातल्या छपरांखाली सडत पडल्या. २०१५ च्या फेब्रुवारीत पॅरिसला त्यांचा लिलाव झाला. त्यात एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती. ती सापडली तेव्हा तिच्यावर जुन्या मासिकांचे ढीग पडलेले होते. तिला धूळ झटकण्यापलीकडे काही न करता लिलावात उभे केले गेले आणि ती १ कोटी ६० लाख युरोंहून जास्त किमतीला गेली.

धुळीसकट का घेतली? तिच्यावर कोणाचा हात फिरलेला नव्हता म्हणून. जे होते ते समोर होते. कापडाच्या व्यापाऱ्याला हे समजायला वेळ लागू नये. जुनी पैठणी घरातून निघते तेव्हा काठ विरलेला असला तरी जाणकार गिऱ्हाईक ती उलटी करून पाहते आणि किंमत देते. तीच पैठणी कोणी पदर बदलून, रंग मारून आणली तर तो हात आखडतो, कारण आता काय जुने आणि काय नवे हे त्याला पारखता येत नाही. रफू दिसला तर आम्ही किंमत थोडी कमी करतो. लपवलेला रफू नंतर सापडला तर त्या माणसाकडून पुन्हा माल घेत नाही.

आपली इटालियन

आपल्या भागात फेरारी कोण आणणार? पण इटालियन गाडी आपल्याला अनोळखी नाही. आपण तिला फियाट म्हणतो.

सोलापूरला १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज, प्लिमथ या गाड्या जोडल्या जात. १९५१ पासून तिथे छोटी फियाट ५०० जोडू लागले आणि १९५४ मध्ये फियाट ११०० आली, जिला इटलीत मिलेचेंतो म्हणजे अकराशे म्हणत. इटलीत ती १९५३ साली निघाली होती. याच गाडीची एक जास्त वेगवान आवृत्ती इटलीत 'तुरिझ्मो वेलोचे' या नावाने विकली जाई, म्हणजे मोठ्या प्रवासाच्या त्या घराण्याशी आपल्या फियाटचे लांबचे नाते लागते. लोकांनी मात्र तिचे गोल नाकाड पाहून तिला 'डुक्कर फियाट' म्हटले. हे नाव आपल्या बांधवांना तोंडावर आणायला अवघड जाते, पण बाजारात विचारताना तेच चालते. तिचे पुढचे दरवाजे उलटे, मागच्या बाजूला बिजागरी असलेले होते. १९६४ मध्ये डिलाइट आली, तिचे दरवाजे सरळ आणि मागे शेपटीसारखी टोके. १९७२ मध्ये फियाटचे नाव गेले आणि तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन त्याच घराण्याचे, १०८९ सीसी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ही गाडी घराघरात पोहोचवली. २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली.

वालचंद यांचे नाव आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहे. सांगलीचे १९४७ साली सुरू झालेले इंजिनिअरिंग कॉलेज १९५५ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. सातारा रोडचा कूपर कारखानाही १९४० च्या दशकात त्यांच्या समूहाकडे आला. साताऱ्याच्या एमआयडीसीत १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' विसरू नये. ती मूळ इटालियन व्हेस्पाच्या घराण्यातली. पहिल्या प्रिया गाड्यांची पन्नाशी आता आली आहे. हा पन्नाशीचा मुद्दा पुढे कामाला येईल.

आमचा सौदा

आमचे वडील मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमधून माल उचलत. कपड्याचे गठ्ठे टपावरच्या कॅरिअरला बांधून फियाट टॅक्सीने स्टेशनवर यायचे आणि रात्रीच्या गाडीने साताऱ्याकडे निघायचे. स्वतःची फियाट घ्यायची त्यांची इच्छा शेवटपर्यंत राहून गेली. २०२२ च्या हिवाळ्यात आम्हा भावंडांना १९६७ सालची डिलाइट विक्रीला असल्याचे कळले. विकणारा जुन्या गाड्यांचा दलाल. त्याच्या गावाशी आणि नावाशी वाचकांना कर्तव्य नाही. गाडी दुधासारखी पांढरी, आत लाल रेक्झिन, चाकांच्या कपांत तोंड दिसावे अशी चकाकी. दलाल म्हणाला, सगळे नंबर जुळतात, गाडी मूळची आहे, फक्त रंग नवा. आम्ही पावणेचार लाख मोजले. पावती घेतली, तिच्यावर "जुनी गाडी, जशी आहे तशी" एवढेच लिहिलेले. तीस-बत्तीस वर्षे कापड विकणाऱ्या माणसांनी ही पावती घेतली, हे लिहिताना आजही शरम वाटते.

पहिल्या पावसाळ्यात गालिच्याखाली ओल आली आणि एक वास येऊ लागला. तो वास आम्हाला ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. गाडी मिरजेला एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. सारे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडले नाही की इंजिन चालू केले नाही. खिशातून चुंबक काढले, रुमालात गुंडाळले आणि दरवाजाच्या वरून खाली फिरवत नेले. वरच्या अर्ध्यात चुंबक चिकटत होते. खाली आल्यावर सुटून पडले.

"शेट, इथे पत्रा नाही. पुट्टी आहे."

मग त्यांनी दरवाजाखालची पेटीपट्टी एका जागी कापली, आत बोट घातले आणि बाहेर काढून आमच्यापुढे धरले. काळसर, चिकट, बारीक गाळ. तेव्हा वास कुठला ते आठवले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या आसपास गेले होते. कापडपेठेत आमच्या सोयऱ्यांचे दुकान छातीएवढ्या पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर गाठी उघडायला आम्ही गेलो, तेव्हा हाच वास होता. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला दाणा वर काढल्याची हदीस आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली आहे. चाचांचे बोट पाहून आम्हाला तीच आठवली, फरक इतकाच की या ढिगाचे पैसे आम्ही मोजून बसलो होतो.

सोयऱ्यांनी त्या वर्षी भिजलेला माल धुऊन, वाळवून, दुकानाबाहेर "पुराचा माल" अशी पाटी लावून निम्म्या भावात विकला. लोकांनी तो आनंदाने नेला. पुरात बुडालेली गाडी विकणे हा गुन्हा नव्हे. आमच्या धंद्यात फ्रेश, सेकंड आणि फेंट असे माल वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाला गिऱ्हाईक असते. सेकंड माल फ्रेशच्या घडीत घालून दिला की तिथे खोट सुरू होते.

गाडीबाबत ही खोट जास्त महागात पडते, याचे कारण बांधणीत आहे. जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी लोखंडी चौकट असते, वरचा पत्रा सडला तरी चौकट भार घेते. फियाट ११०० ला अशी वेगळी चौकट नाही. तळ, पेटीपट्ट्या, खांब आणि टप मिळूनच गाडी उभी असते. पेटीपट्टी आतून गंजली म्हणजे घराची तुळई गंजली. वरून पुट्टी घासून रंग मारल्याने भार घेतला जात नाही. तळाचे पत्रे, दोन्ही पेटीपट्ट्या आणि चार दरवाजांचे खालचे भाग बदलायला आम्हाला १ लाख ४० हजार रुपये लागले.

दुसरा धक्का कागदाचा. आरटीओत इंजिन व चॅसिस क्रमांकाचा ठसा लागतो. क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. चाचांच्या मुलाने दोन्ही ठसे काढले. चॅसिसचा आकडा नोंदणी पुस्तकाशी जुळला. इंजिनचा जुळला नाही. इंजिन नंतरच्या कोण्या पद्मिनीचे होते. चालायला उत्तम, पण या गाडीचे नव्हे. दलालाला विचारले तर तो म्हणाला, "तुम्ही पाहूनच घेतली होती की." त्याचे बरोबर होते. नंबर जुळतात हे तो तोंडाने बोलला होता, पावतीवर नव्हते.

पन्नाशीचा कायदा

इंजिन बदलल्याने एवढे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडले ते असे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जास्त झालेली, मूळ रूपात राखलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची. लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊ या हिशेबाने जे विंटेज नोंदणी करू पाहतात, त्यांनी हे कलम आधी वाचावे.

ही पन्नाशी दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. साऱ्या डिलाइट आणि प्रेसिडेंट तिच्यात आल्या, पद्मिनीही येऊ लागल्या. म्हणून पुस्तकातल्या वर्षाला आता भाव आला आहे. जुनी जाळी आणि जुने दिवे लावून नंतरची गाडी आधीची म्हणून विकण्याचा मोह त्यातूनच होतो. कुर्ल्यात आता गाड्या बनत नाहीत आणि इटलीसारखे प्रमाणपत्र देणारा कंपनीचा विभागही आपल्याकडे नाही. आपला दाखला म्हणजे आरटीओचे जुने पुस्तक, कराच्या पावत्या, विम्याचे कागद, आणि जुन्या मालकाच्या घरातला एखादा फोटो ज्यात क्रमांकाची पाटी दिसते. वाड्यातली किंवा गोठ्यातली गाडी घेताना हे बोचके आधी मागून घ्यावे, किल्ली नंतर.

ज्यांना विंटेज नोंदणी नको, त्यांच्यासाठी नेहमीचा मार्ग आहेच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते. हस्तांतराला २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म लागतात. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून गाडी आणायची तर २८ क्रमांकाचा ना-हरकत दाखलाही लागतो. इंजिन बदलले असेल तर त्याची नोंद पुस्तकात करून घ्यावी लागते. आम्ही ती करून घेतली. त्यामुळे गाडी कायद्याने स्वच्छ झाली, पण मूळची झाली नाही. जीएसटी नोंदणी असलेला व्यापारी जुन्या गाड्यांचा धंदा करत असेल तर २०२५ पासून त्याला खरेदी-विक्रीच्या फरकावर १८ टक्के कर आहे. घरची गाडी विकणाऱ्या साध्या माणसाला तो नाही.

घेताना

गाडी पहायची ती पावसाळ्यात किंवा पावसाळा संपल्याबरोबर. कोरड्या उन्हाळ्यात प्रत्येक गाडी चांगली दिसते. रंग ओला दिसेपर्यंत चमकत असेल तर आनंद मानण्याआधी तो कधी मारला ते विचारा. महिन्याभराचा रंग आणि महिन्याभराचीच विक्रीची घाई, हे दोन्ही एकत्र दिसले की चुंबक काढावे. गालिचा उचलून तळ हाताने चाचपावा. सीटखालच्या स्प्रिंगा, दिव्यांच्या वाटीमागचा भाग आणि डिक्कीतला स्टेपनीचा खड्डा, या तीन जागा सजवणारा बहुधा विसरतो. पुराचा गाळ तिथे सापडतो. महाबळेश्वर, पाटण, कोयना या बाजूच्या गाडीला पूर लागला नसला तरी पावसाने पत्रा खाल्लेला असतो. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या कोरड्या भागातली गाडी रंगाने उडालेली, रबर तडकलेली, पण हाडाने शाबूत असण्याचा संभव अधिक. चाचांचे मत असे की दोन्ही समोर असतील तर उन्हाने वाळलेली घ्यावी. रबर विकत मिळते.

रबरावरून एक नवी गोष्ट. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. हे इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचे असू शकते, याचा अभिमान असावा, पण जुन्या सोलेक्स कार्बोरेटरचे वायसर आणि जुन्या रबरी नळ्या ते फुगवते व मऊ करते. बंद पडून राहिलेल्या गाडीच्या टाकीत त्यातून पाणीही साठते. नळ्या नव्या प्रकारच्या घालाव्यात आणि तो बदल लिहून ठेवावा. बिनधोक चालण्यासाठी केलेल्या अशा लहान बदलाला कोणी जाणकार नाव ठेवत नाही.

कारागिरांना

आता आपल्या गॅरेजवाल्यांशी दोन शब्द, आणि ते थोडे कडू लागतील. चाचांनी आमच्या गाडीवर चार महिने काम केले. आम्ही बिल मागितले तर त्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या मागे एकूण रक्कम लिहून दिली. जी वही त्यांच्या डोक्यात होती, तिच्यासाठी परदेशात लोक वेगळे पैसे मोजतात. कोणता पत्रा किती इंच कापला, कोणती पट्टी नवी, कोणता स्क्रू जुना ठेवला, उघडल्यावर आत काय दिसले, याचे फोटो आणि तारखा, एवढे असले की तीच गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला जास्त दामाने जाते. आज हा जास्तीचा दाम दलाल खातो. पुट्टी भरणाऱ्याला आणि पत्रा ठोकून बसवणाऱ्याला तो सारखीच मजुरी देतो, कारण रंगाखाली दोघांचे काम सारखेच दिसते. वही नसेल तर चांगल्या डेंटरला आपले काम दाखवताच येत नाही.

मिरजेत हे नवे असायला नको. त्याच शहरात पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे बनवणारी घराणी आहेत. तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जुना तंबोरा दुरुस्तीला आला की तो कारागीर भोपळा मूळचा की बदललेला हे आधी सांगतो, मग जवारीला हात घालतो, आणि वाजवणारा त्याच्या शब्दावर पैसे देतो. गाडीच्या मिस्त्रींचा शब्दही तितकाच खरा आहे. तो फक्त लिहिला जात नाही.

आम्ही चाचांच्या नातवाला दोनशे पानी वही आणून दिली. पहिले तीन आठवडे ती कोरी राहिली. चौथ्या आठवड्यात चाचांनी स्वतः उर्दूत एक ओळ लिहिली, "डावी पट्टी, आठ इंच, नवा पत्रा, आत मातीच माती." आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, त्यामुळे वाचायला अडचण नव्हती. पुढे नातू तेच मराठीत लिहू लागला. आज त्या वहीत एकेचाळीस पाने भरलेली आहेत आणि फोटो चिकटवलेले आहेत.

आमची गाडी

तर आता ही डिलाइट आम्ही विकायला काढली आहे. आमचे एकूण ५ लाख १५ हजार गुंतले. पुण्याचे एक गृहस्थ गाडी पाहून सहा लाखांना तयार झाले होते. त्यांनी इंजिनचा क्रमांक विचारला नव्हता. घरात यावर दोन दिवस बोलणे झाले. धाकट्या भावाचे म्हणणे, त्यांनी विचारले नाही, आपण खोटे बोललो नाही, पुस्तकातही आता नवा क्रमांक चढला आहे. हिशेबाने त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आम्ही गृहस्थांना फोन करून इंजिन पद्मिनीचे आहे आणि गाडी पुरातली आहे असे सांगितले. त्यांनी आभार मानले आणि पुन्हा फोन केला नाही. भाऊ आठवडाभर आमच्याशी तुटक बोलत होता.

त्यानंतर आम्ही समोरच्या काचेच्या आत एक पुठ्ठा लावला. मजकूर असा :

"फियाट ११०० डिलाइट, १९६७. चॅसिस मूळचे. इंजिन नंतरच्या पद्मिनीचे, पुस्तकात नोंद केलेली आहे. गाडी २०१९ च्या पुरात भिजलेली होती. तळ, दोन्ही पेटीपट्ट्या व दरवाजांचे खालचे भाग २०२३ मध्ये नव्या पत्र्याचे केले. रंग व रेक्झिन नवे. काचा, दिवे, मीटर व हँडल जुनेच. कामाची वही पहायला मिळेल. विंटेज नोंदणी होईल असे आम्ही सांगत नाही. किंमत ४ लाख ६० हजार."

दोन गिऱ्हाइके पुठ्ठा वाचूनच परत गेली. तिसरे विट्याचे एक गृहस्थ आले. त्यांनी गाडीकडे न जाता आधी वही मागितली आणि पाऊण तास ओट्यावर बसून पाने उलटली. उर्दूतली ओळ आम्ही त्यांना वाचून दाखवली. सव्वाचार म्हणाले, आम्ही साडेचारवर आहोत. शुक्रवारी नमाजनंतर पुन्हा येतो म्हणाले आहेत, चुंबक आणि आपला मिस्त्री बरोबर घेऊन.